ऊब नेमकी कोणती हवी? व्हॉल्व्हसारखा आवाज देणारा ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर निवडताना

१९८५ साली अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, सँटा फे इथल्या एका हॉटेलच्या खोलीत दोन ॲम्प्लिफायर शेजारी शेजारी मांडले होते. एक व्हॉल्व्हचा, भारी किमतीचा. दुसरा ट्रान्झिस्टरचा, त्याच्या मानानं अगदी स्वस्त. बॉब कार्व्हर या इंजिनिअरनं ‘स्टिरिओफाइल’ या मासिकाच्या मंडळींना आव्हान दिलं होतं. तुमच्या पसंतीचा कुठलाही ॲम्प आणा, माझ्या ट्रान्झिस्टर ॲम्पचा आवाज मी हुबेहूब तसा करून दाखवतो, तुम्हाला फरक ओळखता येणार नाही. मुदत होती ४८ तासांची.

कार्व्हरची पद्धत सोपी होती. दोन्ही ॲम्पना एकच संगीत द्यायचं. मग स्पीकरची एक तार पहिल्या ॲम्पच्या लाल टोकाला आणि दुसरी तार दुसऱ्या ॲम्पच्या लाल टोकाला जोडायची. दोन्हीकडून येणारी वीज क्षणोक्षणी सारखी असेल तर स्पीकरला हलायला कारणच उरत नाही आणि तो गप्प बसतो. जे काही ऐकू येईल तो निव्वळ दोन ॲम्पमधला फरक. कार्व्हर आपल्या ॲम्पमध्ये इथे रेझिस्टर बदल, तिथे कपॅसिटर बदल असं करत हा उरलेला आवाज कमी कमी करत गेला. शेवटी तो फरक ७० डेसिबल खाली गेला, म्हणजे मूळ सिग्नलच्या साधारण तीन हजाराव्या हिश्श्यावर आला. मासिकाचे संस्थापक जे. गॉर्डन होल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कान लावून ऐकलं, पण कोणता ॲम्प कोणता ते त्यांना सांगता आलं नाही. पुढे कार्व्हरनं त्याच धर्तीचा ॲम्प बाजारात आणला. कारखान्यातून निघालेल्या प्रती मूळ व्हॉल्व्ह ॲम्पशी तितक्या काटेकोर जुळत नाहीत, असं त्याच मासिकानं नंतर मांडलं. हॉटेलात जे घडलं ते मात्र घडलंच.

‘सगळे ॲम्प सारखेच वाजतात’ हे पटवण्यासाठी पुष्कळ जण हा किस्सा सांगतात. मला त्यात नेमकं उलटं दिसतं. सगळे सारखेच असते तर कार्व्हरला दोन दिवस सोल्डरिंग करत बसावं लागलं नसतं. फरक होता, तो मोजता आला, आणि मोजता आला म्हणून ट्रान्झिस्टरमध्ये उतरवता आला. व्हॉल्व्हची ऊब काचेच्या नळीतल्या तांबूस उजेडात राहत नाही. ती विजेच्या दोन-तीन साध्या गुणांची बनलेली असते. ते गुण ओळखता आले तर दुकानात जाहिरातीच्या भाषेवर विसंबावं लागत नाही.

व्हॉल्व्ह सरळ विकत का घेऊ नये, हा प्रश्न रास्त आहे. आवड आणि ऐपत असेल त्यानं जरूर घ्यावा. पण व्हॉल्व्ह झिजतात आणि काही वर्षांनी बदलावे लागतात. आउटपुट ट्रान्सफॉर्मर चांगला हवा तर तो महाग पडतो. आत शेकडो व्होल्ट खेळत असतात. घरात लहान मूल असेल तर तापलेल्या काचेची धास्ती वेगळीच. म्हणून आवाज तसा हवा, पण उस्तवार नको, अशी अनेकांची इच्छा असते, आणि ती पुरी होऊ शकते.

उबेचा सगळ्यात मोठा हिस्सा जिथून येतो तिथे फार थोड्यांचं लक्ष जातं. ती जागा म्हणजे ॲम्पचा स्वतःचा अंतर्गत रोध, दुकानाच्या भाषेत आउटपुट इम्पिडन्स. स्पीकरच्या मागे ‘८ ओहम’ असं छापलेलं असतं, पण तो आकडा नावापुरता. खरा स्पीकर प्रत्येक सुराला वेगळा रोध दाखवतो. दोन युनिटांचा एखादा साधा बुकशेल्फ स्पीकर २०० हर्ट्झच्या आसपास ४ ओहमपर्यंत उतरतो. खालच्या बेसमध्ये, जिथे कोन स्वतःच्या लयीत झुलायला लागतो, तिथे तो २० ओहमवर चढतो. मोठा स्पीकर आणि ट्वीटर यांच्या हद्दीवर, हजार-दोन हजार हर्ट्झच्या पट्ट्यात, तो पुन्हा तेवढाच चढतो.

आता हिशोब करू. चांगल्या ट्रान्झिस्टर ॲम्पचा अंतर्गत रोध ०.०५ ओहम धरा. स्पीकर ४ ओहम दाखवो की २०, त्याच्यापर्यंत पोचणाऱ्या व्होल्टेजमध्ये ०.१ डेसिबलसुद्धा फरक पडत नाही. व्हॉल्व्ह ॲम्पचा रोध मात्र सहज २ ओहम असू शकतो. तिथे ४ ओहमच्या जागी व्होल्टेजचा तिसरा हिस्सा ॲम्पच्या आतच अडकतो, तर २० ओहमच्या जागी जेमतेम अकरावा. दोन्हींत सुमारे २.७ डेसिबलचं अंतर पडतं, आणि एवढं अंतर कुणालाही ऐकू येतं. म्हणजे व्हॉल्व्ह ॲम्प जोडला की स्पीकरच्या इम्पिडन्सचा आलेखच थोड्या प्रमाणात ऐकू यायला लागतो. बेस भरतो, गाणाऱ्याचा आवाज किंचित पुढे येतो आणि मधला पट्टा जरा मागे सरतो. ऐकणारा म्हणतो, ‘काय उबदार आहे!’

यातून एक गोष्ट निघते, आणि ती विकत घेण्याआधीच कळलेली बरी. ज्या स्पीकरचा इम्पिडन्स बराचसा सपाट आहे त्याच्यावर या उबेचा मागमूस राहणार नाही. ज्याचा वरच्या सुरांकडे चढत जातो त्याच्यावर तोच ॲम्प उबेऐवजी धार देईल. मित्राच्या घरी जीव लावणारा ॲम्प आपल्या घरी आणला की रुक्ष वाजतो, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. म्हणून ॲम्पच्या आधी आपल्या स्पीकरचा इम्पिडन्स आलेख शोधावा. नामांकित स्पीकरांचे आलेख परीक्षणांत छापलेले असतात. ‘स्टिरिओफाइल’ तर ॲम्प तपासताना खऱ्या स्पीकरसारखा वर-खाली होणारा कृत्रिम भार जोडतं आणि त्यावर ॲम्पचा आवाज किती डुलतो ते काढून दाखवतं. तो एक आलेख पानभर विशेषणांपेक्षा जास्त सांगून जातो. तो मिळाला नाही तर माहितीपत्रकातला ‘डॅम्पिंग फॅक्टर’ पाहावा. ८ ओहमला ॲम्पच्या अंतर्गत रोधानं भागलं की हा आकडा मिळतो. १६० असेल तर ॲम्प स्पीकरला घट्ट धरून ठेवणारा. ४ असेल तर वर सांगितलेला व्हॉल्व्हसारखा.

दुसरा गुण डिस्टॉर्शनचा. हे समजायला आपल्याकडच्या माणसाला तानपुऱ्यापेक्षा चांगला गुरू नाही. मिरजेच्या कारागिरानं जवारी नीट काढलेल्या तानपुऱ्यावर खर्जाची तार छेडली की तिच्यातून गंधार उमटतो. कुणी लावलेला नसताना उमटतो म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तारेच्या मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट असे सहायक नाद सोबत वाजत असतात. दुप्पट म्हणजे वरच्या सप्तकातला षड्ज, तिप्पट म्हणजे त्याच्या वरचा पंचम, चौपट पुन्हा षड्ज आणि पाचपट तो गंधार. ॲम्पसुद्धा सिग्नल मोठा करताना अशीच भर घालतो. इंजिनिअर तिला डिस्टॉर्शन म्हणतात आणि एकूण किती टक्के ते सांगतात.

पण एकूण टक्क्यांवर काही ठरत नाही, कोणत्या नादाची भर पडली त्यावर ठरतं. साधा ट्रायोड व्हॉल्व्ह मुख्यतः दुपटीची भर घालतो. मूळ सुराच्या जवळ आणि त्याच्याशी एकरूप असल्यानं ती कानाला वेगळी जाणवत नाही, फक्त आवाज भरीव वाटतो. वरच्या नादांचं तसं नाही. सातपट नाद कोमल निषादाच्याही खाली पडतो. अकरापट तर शुद्ध आणि तीव्र मध्यमाच्या मधोमध, कुठल्याच रागात न बसणारा. शिवाय मूळ सुरापासून हे नाद इतके लांब असतात की त्या सुराच्या आड ते लपत नाहीत. बीबीसीचे इंजिनिअर डी. ई. एल. शॉर्टर यांनी १९५० सालीच सुचवलं होतं की डिस्टॉर्शन मोजताना वरच्या नादांना जास्त वजन द्यावं. त्यांच्या सूत्रानं दुपटीच्या नादाला १ वजन दिलं तर सातव्याला १२ हून थोडं जास्त मिळतं. माहितीपत्रकं आजही बिनवजनाचा एकच आकडा छापतात, हे मला खटकतं.

दुपटीच्या गोडव्यालाही किंमत मोजावी लागते. दुपटीची भर घालणारा ॲम्प दोन सूर एकत्र आले की त्यांची बेरीज आणि वजाबाकीही वाजवतो. षड्ज २४० हर्ट्झ धरा आणि पंचम ३६०. वजाबाकी १२०, म्हणजे खालचा षड्ज. बेरीज ६००, म्हणजे तार सप्तकातला गंधार. दोन्ही सुरेल, म्हणून तानपुऱ्याच्या साथीतलं एकट्याचं गाणं अशा ॲम्पवर खुलतं. पण २४० च्या षड्जाबरोबर २५६ चा कोमल ऋषभ वाजला तर बेरीज होते ४९६. तार षड्ज ४८० वर आणि तार कोमल ऋषभ ५१२ वर, त्यांच्या बरोबर मधोमध हा बेवारस सूर. पन्नास व्हायोलिनांच्या ऑर्केस्ट्रात असे हजारो बेवारस सूर तयार होतात आणि ॲम्प गढूळ वाजू लागतो. तेव्हा आपण मुख्यतः काय ऐकतो हे स्वतःला विचारावं. ख्याल, भावगीत, गझल, एखादं सोलो वाद्य ऐकणाऱ्यानं गोड ॲम्प घ्यावा. सिंफनी किंवा भरगच्च वाद्यमेळाची फिल्मी गाणी ऐकणाऱ्याला तो काही दिवसांनी नकोसा होईल.

तिसरा गुण आवाज फाटण्याचा. ताकदीबाहेर मागणी झाली की ट्रान्झिस्टर ॲम्प लहरीचं टोक करवतीनं कापल्यासारखं सपाट करतो आणि त्यातून वरचे कर्कश नाद झपाट्यानं वाढतात. साधा, फीडबॅक (म्हणजे बाहेर पडणारा सिग्नल आत येणाऱ्याशी ताडून चूक सुधारण्याची सोय) कमी असलेला व्हॉल्व्ह ॲम्प ते टोक हळूहळू गोल करत नेतो. १९७३ साली रसेल हॅम यांनी ध्वनिअभियंत्यांच्या नियतकालिकात व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर यांची तुलना करणारा लेख लिहिला. व्हॉल्व्हच्या बाजूनं बोलणारे सगळेच तो पुढे करतात. मात्र हॅम यांनी तपासले होते ते स्टुडिओतले मायक्रोफोनचे ॲम्प, तेही क्षमतेपलीकडे ताणलेले. घरी मध्यम आवाजात ऐकणाऱ्याला तो लेख जेमतेम लागू होतो. घरचा ॲम्प फाटण्याच्या हद्दीपर्यंत जातच नसेल तर या गुणासाठी पैसे घालू नयेत. जात असेल तर मोठा ॲम्प घ्यावा, नाही तर टोक गोल करणारी सोय असलेला. नॅड कंपनीनं १९७८ च्या सुमारास आणलेल्या ३०२० या २० वॉटच्या ॲम्पमध्ये ‘सॉफ्ट क्लिपिंग’ नावाची अशी सोय होती. त्या स्वस्त ॲम्पच्या लौकिकात तिचा वाटा मोठा आहे.

इथवर सांगितली ती रंगाची ऊब. कार्व्हरनं उतरवली तीही हीच. पण ‘व्हॉल्व्हसारखा आवाज’ म्हणताना अनेकांच्या मनात याहून अगदी वेगळी गोष्ट असते, आणि दोन्हींची गल्लत झाली की चुकीचा ॲम्प घरी येतो.

१९४७ साली इंग्लंडमध्ये डी. टी. एन. विल्यमसन यांनी ‘वायरलेस वर्ल्ड’ या मासिकात आपला १५ वॉटचा व्हॉल्व्ह ॲम्प मांडला. त्याचं डिस्टॉर्शन पूर्ण ताकदीला ०.१ टक्क्याच्या घरात होतं आणि भरपूर फीडबॅकमुळे अंतर्गत रोधही कमी होता. त्यात कुठलाही गोड रंग नव्हता आणि विल्यमसनना तो नकोच होता. व्हॉल्व्हयुगातल्या उत्तम कारागिरांची धडपड रंग काढून टाकण्याची होती. पुढे साठच्या दशकात ट्रान्झिस्टर ॲम्प आले. कागदावर ते सरस होते, पण ऐकणाऱ्यांना खरखरीत वाटू लागले. जॉन लिन्स्ली हूड नावाच्या इंजिनिअरला घरच्या विल्यमसनच्या तोडीचा ट्रान्झिस्टर ॲम्प हवा होता. त्यांनी तो स्वतः घडवला आणि एप्रिल १९६९ च्या ‘वायरलेस वर्ल्ड’मध्ये त्याचा नकाशा छापला. जगभरचे हौशी लोक आजही तो जोडतात. हूडनाही रंग नको होता, विल्यमसनमधला स्वच्छपणा हवा होता. ही दुसरी ऊब, खरखर नसण्याची.

ती खरखर यायची कुठून? नेहमीच्या ॲम्पमध्ये दोन ट्रान्झिस्टर काम वाटून घेतात. लहरीचा वरचा अर्धा भाग एक उचलतो, खालचा दुसरा. सिलिकॉन ट्रान्झिस्टर सुमारे ०.६ व्होल्ट मिळाल्याशिवाय जागाच होत नाही, म्हणून दोघांनाही थोडा प्रवाह देऊन आधीच जागं ठेवावं लागतं. हा प्रवाह, म्हणजे बायस, नीट जुळला नाही तर एकाकडून दुसऱ्याकडे काम जाताना लहरीत खाच पडते. त्या खाचेतून सातवे, नववे, अकरावे असे वरचे नाद निघतात. खाच असते शून्याजवळ, त्यामुळे आवाज जितका हळू तितकं तिचं प्रमाण मोठं. रात्री हळू आवाजात ऐकताना, तानपुऱ्याची आस विरताना, ॲम्प नेमका तिथेच ओरखडतो. साध्या व्हॉल्व्ह ॲम्पचं याच्या उलट, हळू वाजवाल तितका तो स्वच्छ. माझ्या मते, नुसते आकडे पाहून घेतलेला ट्रान्झिस्टर ॲम्प घरी आल्यावर मन रमवत नाही, याचं खरं कारण कित्येकदा या खाचेतच असतं. माहितीपत्रकातला डिस्टॉर्शनचा आकडा पूर्ण ताकदीच्या जवळपासचा असतो, आणि आपण ऐकतो एका वॉटच्याही खाली.

हूडनी खाचेवर थेट उपाय केला: कामाची वाटणीच बंद. दोन्ही आउटपुट ट्रान्झिस्टर लहरीचा पूर्ण फेरा सतत चालू. यालाच क्लास ए म्हणतात. त्याची किंमत उष्णतेत मोजावी लागते. ८ ओहमच्या स्पीकरसाठी हूडचा ॲम्प २७ व्होल्टवर १.२ अँपिअर खातो, म्हणजे एका बाजूला ३२ वॉट, आणि तेही गाणं सुरू असो वा नसो. त्यातून आवाजासाठी मिळतात १० वॉट, बाकी सगळं हीटसिंक तापवण्यात जातं. दोन्ही बाजू धरून रोज चार तास ऐकलं तर महिन्याला आठेक युनिट. आज बाजारात मिळणारे २०-३० वॉटचे क्लास ए ॲम्प दीडशे ते अडीचशे वॉट ओढतात. म्हणजे विजेचं बिल फार वाढत नाही, पण मुंबईत मे महिन्यात बंद खोलीत असा ॲम्प चालवायचा तर पंख्याचा विचार करावा लागतो. त्याला बंद कपाटात ठेवणं म्हणजे त्याचं आयुष्य कापणं.

दहा वॉट पुरतात का? ८७ डेसिबल संवेदनक्षमतेचा स्पीकर १ वॉटवर एक मीटर अंतरावर ८७ डेसिबल देतो. १० वॉट दिले की ९७ आणि १०० वॉट दिले की १०७. फ्लॅटमधल्या दिवाणखान्यात ख्याल ऐकणाऱ्याला ९७ भरपूर झाले. लांबरुंद हॉल असेल किंवा ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग खऱ्या जोरानं ऐकायचं असेल तर नाही पुरणार.

बाजारात हे दोन्ही रस्ते आजही सापडतात. यॉर्कशरमधली सग्डन कंपनी साठच्या दशकाच्या अखेरीपासून ट्रान्झिस्टरचे क्लास ए ॲम्प बनवत आली आहे. जपानच्या लक्समनची ५५० मालिका आणि अ‍ॅक्युफेजचे काही ॲम्प याच घराण्यातले. हे स्वच्छपणाची ऊब देतात. महाग आहेत, पण जुने झाले तरी दुरुस्त होतात आणि किंमत टिकवून धरतात. एवढे पैसे नसतील तर नीट बायस केलेला साधा क्लास एबी ॲम्प, म्हणजे दोन ट्रान्झिस्टरांत काम वाटणारा नेहमीचा ॲम्प, त्यांच्या पुष्कळ जवळ येतो. परीक्षणात हळू आवाजातलं डिस्टॉर्शन पाहावं. वॉट कमी होतात तसा आलेख खाली किंवा गुळगुळीत जात असेल तर उत्तम. तिथेच तो उसळी मारत असेल तर पुढचं वाचायची गरज नाही.

रंगाच्या उबेचा खरा उस्ताद म्हणजे अमेरिकेतले नेल्सन पास. त्यांच्या फर्स्ट वॉट या छोट्या कंपनीनं एसआयटी-१ नावाचा १० वॉटचा ॲम्प काढला होता. त्यात वापरलेला स्टॅटिक इंडक्शन ट्रान्झिस्टर वागायला थेट ट्रायोड व्हॉल्व्हसारखा असतो. हा ट्रान्झिस्टर जपानी शास्त्रज्ञ जुन-इची निशिझावा यांच्या १९५० सालच्या कल्पनेतून आलेला. १९७४ साली यामाहानं त्याच जातीचे ट्रान्झिस्टर बी-१ या ॲम्पमध्ये वापरले, सोनीनंही वापरले, आणि मग काही वर्षांत ते बाजारातून गेले. पास यांनी ते नव्यानं बनवून घेतले. एसआयटी-१ च्या तोंडावरच बायसची कळ आहे. ती फिरवली की दुपटीच्या नादाचं प्रमाण बदलतं. ऊब इतकी उघड उघड श्रोत्याच्या हातात देणारा दुसरा ॲम्प मला माहीत नाही.

व्हॉल्व्ह पुढे आणि ट्रान्झिस्टर मागे अशा हायब्रिड ॲम्पबद्दल थोडं सावध राहावं. चांगले हायब्रिड आहेत, इटलीच्या युनिझन रिसर्चची युनिको मालिका त्यातली एक. पण स्वस्त हायब्रिडमध्ये पुढचा छोटा व्हॉल्व्ह बहुधा शोभेचाच असतो, आणि त्याच्या खाली उजेडासाठी केशरी एलईडी बसवलेला असतो. स्पीकरशी गाठ मागच्या ट्रान्झिस्टरची पडते, त्यामुळे उबेचा सगळ्यात मोठा हिस्सा तिथे नसतोच. हल्लीच्या अगदी स्वस्त क्लास डी (ट्रान्झिस्टर झपाट्यानं चालू-बंद करून चालणाऱ्या) ॲम्पचं दुखणं वेगळं आहे. त्यांच्या आउटपुटवरचा फिल्टर फीडबॅकच्या बाहेर असेल तर वरचे सूर स्पीकरनुसार बदलतात, आणि कित्येक स्पीकरवर ते चढे वाजतात.

आपल्याकडे व्हॉल्व्हच्या आवाजाची ओढ पुष्कळांच्या मनात रेडिओपासून रुजली आहे. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून वर्षभर गीतरामायण चालू होतं, तेव्हा घराघरांतले रेडिओ व्हॉल्व्हचेच होते. तो आवाज ज्यांच्या कानात बसला आहे त्यांना आजचे ॲम्प कोरडे वाटणं साहजिक आहे. पण त्या गोडव्यात व्हॉल्व्हचा वाटा थोडा होता. मध्यम लहरींवर ४,५००-५,००० हर्ट्झच्या पुढचं फारसं काही पोचतच नसे, म्हणजे सगळी धार आधीच बोथट झालेली. लाकडी खोका, मागून उघडा, आत कागदी कोनाचा एकच मोठा स्पीकर. ती ऊब हवी असेल तर महागडा ॲम्प घेऊन मिळणार नाही. ट्रेबलची कळ मात्र ती बरीचशी देते. टोन कंट्रोलला कमीपणाचं मानण्याची पद्धत हौशी मंडळींत पडली आहे, ती मला अजिबात पटत नाही. क्वाड कंपनीनं आपल्या ३४ या प्रीॲम्पमध्ये ‘टिल्ट’ नावाची सोय दिली होती. एक कळ फिरवली की बेस किंचित वर आणि ट्रेबल किंचित खाली, सगळा आवाजच अलगद कलता. जुन्या भावगीतांच्या कोरड्या सीडींवर याहून गुणकारी औषध नाही. शिवाय पन्नासच्या दशकातली ध्वनिमुद्रणं व्हॉल्व्हच्याच यंत्रांवर झालेली असल्यानं त्यांच्यात तो रंग मुळातच आहे. त्यावर रंगीत ॲम्पचा आणखी एक हात दिला तर गाणाऱ्याचे शब्द जाड होतात.

हे सगळं वाचून ॲम्प बदलायचं मनात आलं असेल तर त्याआधी एक प्रयोग जरूर करावा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबापाशी १ ओहम, १० वॉटचे पांढरे सिरॅमिक रेझिस्टर किरकोळ पैशांत मिळतात. दोन आणावेत. ॲम्प बंद करून प्रत्येक स्पीकरच्या लाल तारेत एकेक रेझिस्टर मध्ये जोडावा. उघडी टोकं एकमेकांना किंवा ॲम्पच्या पत्र्याला लागणार नाहीत आणि रेझिस्टर पडद्याला टेकणार नाही एवढं पाहावं, कारण जोरात वाजवलं तर तो तापतो. आता तुमच्या ट्रान्झिस्टर ॲम्पचा अंतर्गत रोध १ ओहमच्या वर गेला. वरच्या उदाहरणातल्या स्पीकरवर यानं दीड डेसिबलचा रंग चढतो. आवाज साधारण एक डेसिबल पडेल, तेवढा व्हॉल्यूम वाढवून घ्यावा. आठवडाभर असंच ऐकावं, मग रेझिस्टर काढून ऐकावं. रेझिस्टरसकट आवडलं तर तुम्हाला रंगाची ऊब हवी आहे, आणि ती तुमच्या स्पीकरवर जमते. बेस सैल आणि शब्द बोजड वाटले तर तुमची तक्रार खरखरीची असणार. मग क्लास ए किंवा नीट बायस केलेल्या ॲम्पकडे वळावं.

दुकानात दोन ॲम्पची तुलना करताना आवाजाची पातळी एक केल्याशिवाय मत देऊ नये. अर्धा-एक डेसिबल मोठा वाजणारा ॲम्प हमखास ‘भरीव’ वाटतो, आणि विक्रेत्यांना हे चांगलं ठाऊक असतं. मोबाइलवरून १,००० हर्ट्झचा सूर लावून स्पीकरच्या टोकांवर मल्टीमीटरनं एसी व्होल्टेज मोजावं आणि दोन्हींवर एका टक्क्याच्या आत आणावं. साधा मीटर एवढ्या वरच्या सुराला चुकीचा आकडा दाखवत असेल तर ४०० हर्ट्झचा सूर घ्यावा.

जुना ॲम्प घेत असाल तर मागची व्होल्टेजची पट्टी आधी वाचावी. जपानहून थेट आलेले ॲम्प १०० व्होल्टचे असतात, अमेरिकेतले १२० चे. आपल्या २३० वर ते लावले तर जळतात, आणि क्लास ए ॲम्पला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरही तसाच दणकट लागतो. चाळीस-पन्नास वर्षांच्या ॲम्पमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकलेले असतात आणि बायस सरकलेला असतो. अशा ॲम्पचा मऊ आवाज ही ऊब नसते, कपॅसिटर बदलले की तो मऊपणा नाहीसा होतो. किंमत ठरवताना दुरुस्तीचा खर्च धरावा, आणि बायस नीट लावून देणारा कारागीर आधी शोधून ठेवावा.

ऐकायला काय न्यावं? आपलं पाठ असलेलं गाणं, ज्यात सुरुवातीला नुसता तानपुरा आहे, ते अगदी हळू लावावं. खाच असेल तर तिथे कळते. मग नुसती हार्मोनियम. तिच्या आवाजात वरचे नाद ठासून भरलेले असतात, आणि दोन-तीन पट्ट्या एकदम दाबल्या की ॲम्पच्या बेरजा-वजाबाक्या उघड्या पडतात. शेवटी तुम्ही ऐकता त्यातलं सगळ्यात गर्दीचं संगीत, नेहमीपेक्षा थोडं मोठ्यानं. पातळी जुळवून तिन्हींत दोन ॲम्पमधला फरक सांगता आला नाही, तर स्वस्त ॲम्प घ्यावा आणि वाचलेले पैसे स्पीकरसाठी ठेवावेत.